रेघेपलीकडचा तिसरा कॅमेरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय काशीनाथराव पुणतांबेकर, प्रमुख पाहुण्या, विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या डॉ. हिमानी सप्रे मॅडम, व्यासपीठावर बसायला लाजणारे आणि तरीही आम्ही ओढून बसवलेले वेदमूर्ती ओजसगुरुजी मुळे, पहिल्या रांगेत पाठीशी उशी देऊन ज्यांना बसवलं आहे त्या आपल्या सगळ्यांच्या आनंदीकाकू, आजच्या सत्कारमूर्ती संपदा वानखेडे, आणि ब्रह्मा घाटापासून थेट डीएलडब्ल्यूच्या रेल्वे कॉलनीपर्यंत, जिथून जिथून म्हणून दोन-दोन रिक्षा बदलत आलात त्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना या दिनानाथ ताऱ्याचा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या देवश्रीने मघाशी कानाशी येऊन सांगितलं, "काका, दहाच हं, नंतर चाय-नाश्ता आहे." खरं म्हणजे संपदाच्या निरोपाला बोलायला माझ्याहून लायक तीन माणसं होती. त्यातला एक अमेरिकेत मुलाकडे आहे, एक आता बोलण्याच्या पलीकडे गेला आणि तिसऱ्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तो एकदा सुरू झाला की थांबत नाही. उरलो मी. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि या व्यासपीठाच्या तीन पायऱ्या चढून आल्यावर अजून धाप लागते आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगतो, आम्हा काशीकरांची मराठी घरातली आहे, तिच्यात हिंदी शब्द मीठ-मिरचीसारखे पडतात. चालवून घ्या.

माझ्या खिशात दोन पानांचं भाषण आहे. आमच्या घरच्या मंडळींनी तपासून दिलेलं आहे. त्यात 'मनमिळाऊ' हा शब्द तीनदा आणि 'तंत्रकुशल' दोनदा आलेला आहे. ते वाचून मी खाली बसणार होतो. पण मघाशी मानपत्र वाचलं गेलं. भाषा सुंदर आहे, अक्षरही सुंदर आहे. त्यात एक वाक्य आहे, मी ते चष्मा लावून पुन्हा वाचलं: 'पूर्वी त्यांच्या हातून अनवधानाने घडलेल्या एका प्रमादाकडे मोठ्या मनाने दुर्लक्ष करून, तो प्रमाद गंगार्पण करीत, हे मंडळ आज त्यांचा गौरव करीत आहे.' सभागृहात टाळ्या पडल्या. संपदाने मान खाली घातली. आणि माझ्या खिशातली दोन पानं माझ्या काही कामाची राहिली नाहीत.

काशीनाथराव, आपण अध्यक्ष आहात, मला मध्येच बसवायचा अधिकार आपल्याला आहे. पण आधी ऐकून घ्या. तो प्रमाद संपदाचा नाही. तो माझा आहे. सतरा वर्षं तो तिच्या नावावर चालला, आणि मी चालू दिला.

आता इथे निम्मी मंडळी अशी आहेत की त्यांना हा प्रमाद म्हणजे काय तेच माहीत नाही, आणि निम्म्यांना फार चांगलं माहीत आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो. देवश्री, दहा मिनिटांत होणार नाही गं. चहा झाकून ठेव.

दोन हजार सात साली युरोपातल्या एका कंपनीला काशीच्या वेदपठणाची डीव्हीडी काढायची होती. जगभर विकायची. आमचे श्रीनिवासशास्त्री मुळेगुरुजी, ओजसगुरुजींचे आजोबा, आणि त्यांचे आठ विद्यार्थी ब्रह्मा घाटावर बसून शुक्ल यजुर्वेद म्हणणार आणि आम्ही ते चार कॅमेऱ्यांनी टिपणार. तोवर 'तारे व्हिडिओ'ने काय केलं होतं? शादी-ब्याह, मुंजी, एखाद्या बँकेचा सुवर्णमहोत्सव. कंपनीने चाळीस पानी सूचना पाठवल्या. आवाजाची पातळी किती, रुंद पडद्याच्या कडेला किती जागा सोडायची, युरोपसाठी एक प्रत आणि अमेरिकेसाठी वेगळी प्रत कशी करायची, तीन भाषांतल्या उपशीर्षकांसाठी खाली किती पट्टी मोकळी ठेवायची. सगळं होतं. जानव्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं, आणि ते त्यांनी लिहावं अशी अपेक्षाही नव्हती. ते आम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

चार कॅमेऱ्यांनी काम करणं बाहेरून फार रुबाबदार दिसतं. आतून ती हमाली आहे. चार तिपाया, चार बॅटऱ्यांच्या पेट्या, वायरींची भेंडोळी, हे सगळं घेऊन पायऱ्या उतरायच्या. माकडांनी पहिल्याच दिवशी माइकवरची फोमची टोपी पळवली आणि समोरच्या कठड्यावर बसून आमच्यादेखत खाल्ली. चारही कॅमेरे सुरू झाले की एक मोठी टाळी वाजवायची; नंतर संगणकावर ती टाळी जुळवली की चौघांची वेळ एक होते. संपदा ही टाळी अशी वाजवायची की पलीकडच्या घाटावरची कबुतरं उडायची.

आणि एक नियम असतो. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांच्या मध्ये एक रेघ आहे असं धरायचं, आणि सगळे कॅमेरे त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचे. का? तर एखादा कॅमेरा पलीकडे गेला की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला तोंड करून बसलेले दिसतात. गुरू-शिष्य एकमेकांवर रुसलेत असं वाटतं. हा नियम पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतो. मला तर माहीत होताच.

गुरुजी गंगेकडे तोंड करून, विद्यार्थी त्यांच्यासमोर. आमचे कॅमेरे दक्षिणेला. चौथ्या दिवशी, वैशाखातलं ऊन, सकाळचे साडेदहा, पायाखालचा दगड असा तापलेला की चपलेचा रबर मऊ पडला. तिसरा कॅमेरा माझ्याकडे होता. रेघेच्या पलीकडे, उत्तरेला, घाटावरच्या एका पंड्याची बांबूची छतरी रिकामी होती. तिथला नाववाला मल्लाह मला हाक मारून म्हणाला, "ए गुरू, घाम बहुत हौ, एहर छतरी तरे आ जा!" पाहुण्यांसाठी सांगतो, इथे घाम म्हणजे ऊन. आणि मी गेलो. बस, एवढंच. कलेसाठी नाही, नदी चांगली दिसावी म्हणून नाही. सावलीसाठी. मनाशी म्हटलं, पहिला कॅमेरा आहेच गुरुजींवर, माझा शॉट कोण वापरतंय?

आणि त्याच वेळी पहिल्या कॅमेऱ्याने उन्हाने मान टाकली. तो पुन्हा सुरू होईपर्यंत तीन मिनिटं वीस सेकंद गेली. त्या तीन मिनिटं वीस सेकंदांत गुरुजींनी जे म्हटलं, ते ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा. चार दिवसांतलं सगळ्यात उत्तम. आणि गुरुजींचा जवळचा, हात स्पष्ट दिसणारा शॉट फक्त माझ्याकडे. छतरीखालून घेतलेला.

आता जरा संपदाबद्दल सांगतो, नाहीतर जिचा निरोप तीच राहून जायची. वडील रेल्वेच्या कारखान्यात, मूळचे नागपूरकडचे. ही आमच्या स्टुडिओत आली तेव्हा तिला संस्कृत येत नव्हतं, आणि अजूनही येत नाही असं ती म्हणते. पण एडिटिंगला बसली आणि बासष्ट तासांच्या टेपा तिने तीन-तीनदा बघितल्या. गुरुजींच्या वेदशाखेत उजव्या हाताने स्वर दाखवतात. हात वर, खाली, आडवा. तिने ठरवलं की हात हलत असताना कापायचं नाही. श्वास घेतला की तिथे कापायचं. गुरुजी एकदा स्टुडिओत येऊन तासभर तिच्या मागे बसले. उठताना म्हणाले, "हिला कळतं मी श्वास कुठे घेतो. माझ्या तीन विद्यार्थ्यांना अजून कळत नाही." त्या तिघांपैकी दोघं आज सभागृहात आहेत. हसू नका, ते आता मोठे विद्वान आहेत.

आम्ही पहिली प्रत पाठवली. कंपनीच्या तपासनिसाने परत पाठवली. बाकी सगळं ठीक, फक्त त्या तीन मिनिटांत दिशा चुकते आहे. चार दिवसांत दुरुस्त करा, कारखान्यात छपाईची तारीख ठरलेली आहे.

दुपारची वेळ होती. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एक संगणक आणि एक पंखा. संपदा म्हणाली, "दादा, गुरुजींना विनंती करू या का? तेवढी तीन मिनिटं पुन्हा घेऊ. ते नाही म्हणणार नाहीत." मी म्हटलं, "पुन्हा ते सगळं सामान घेऊन कोण उतरणार त्या पायऱ्या? शॉट उलटा कर. आरशासारखा. दिशेचा प्रश्न सुटेल." तिने करून बघितला. मग थांबली आणि म्हणाली, "दादा, यात जानवं उजव्या खांद्यावर जातंय. आणि हात डावा होतोय. चालतं का असं?"

नव्या पिढीसाठी सांगतो. जानवं डाव्या खांद्यावर असतं. ते उजव्या खांद्यावर घेतात ते पितरांसाठी, श्राद्धाला, तर्पणाला. देवाचं म्हणताना कोणी तसं बसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या स्वतःच्या गळ्यात जानवं आहे. दर भाद्रपदात वडिलांच्या तिथीला मी ते या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो. म्हणजे ज्याच्या गळ्यात आहे त्याला दिसलं नाही, आणि जिच्या घरात ते कोणी घालत नाही तिने विचारलं. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, "अगं, परदेशात जाणार आहे ती डीव्हीडी. तिकडच्यांना डावा काय आणि उजवा काय! इथे कोण बघणार आहे? करून टाक."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि करून टाकलं.

तुम्ही म्हणाल, एवढा शहाणा माणूस असं कसं बोलला? मी थकलो होतो हो. त्याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. शोधलं, सतरा वर्षं शोधलं. लोभ असता, द्वेष असता तर निदान सांगायला काही तरी झालं असतं. नुसता कंटाळा होता आणि गुडघे दुखत होते.

पुढच्या वर्षी डीव्हीडी निघाली. कंपनीने आमच्यासाठी दहा प्रती पाठवल्या. खोका उघडला तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की परदेशी गेलेली वस्तू परतही येते. मंडळाने ठरवलं की गुरुपौर्णिमेला इथेच, याच सभागृहात दाखवायची. गुरुजी पहिल्या रांगेत, त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या आनंदीकाकू, त्यांच्या शेजारी. प्रोजेक्टर माझ्याकडे. मला वाटलं होतं, तीनच मिनिटं आहेत, निघून जातील. नाही गेली. उलट्या शॉटची पहिली दहा सेकंदं झाली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "हे काय! अपसव्य?" मग सगळेच बघायला लागले. आपल्या पडद्यावर गुरुजींचं जानवं उजव्या खांद्यावर, स्वर डाव्या हाताने, आणि मुखाने देवाचं चाललेलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

कार्यक्रम थांबवला. काशीनाथराव, तेव्हा आपण चिटणीस होता. आपण मला विचारलं, "दिनानाथ, हे एडिटिंग कोणाचं?" मी म्हटलं, "संपदाचं."

या उत्तरात खोटं काहीच नव्हतं, हे मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो असेन! आपण विचारलेल्याचंच मी उत्तर दिलं. संपदा भिंतीशी उभी होती. ती म्हणाली, "हो. मी केलंय." बाहेर पडताना दोघं-तिघं म्हणत होते, "बाहेरची मुलगी. तिला जानव्यातलं काय कळणार?" ते मला ऐकू आलं. मी वायर गुंडाळत होतो. ती वायर मी दोनदा गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी ती दहाच्या ठोक्याला स्टुडिओत हजर. मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?" तर म्हणते, "माउस माझ्याच हातात होता ना दादा. आणि तुम्हाला रोज त्याच गल्लीतून जायचंय. मी काय, कॉलनीतून येते नि जाते." त्या वेळी मला वाटलं, पोर समजूतदार आहे. बेचाळीस वर्षांच्या बाईला मी मनात पोर म्हणत होतो, म्हणजे बघा. आणि मी निश्चिंत झालो. ही शरमेची गोष्ट आहे आणि ती मी आज इथे सांगतो आहे: मला त्या दिवशी बरं वाटलं.

आठवडाभराने गुरुजी घाटाच्या वाटेवर भेटले. स्नान करून येत होते. मी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "दिनू, ऊन फार होतं रे त्या दिवशी." मी म्हटलं, "हो, गुरुजी." ते थांबून राहिले. मग म्हणाले, "छतरीची सावली बरी होती." म्हणजे त्यांनी मला पलीकडे जाताना पाहिलं होतं. पठण चालू असताना त्यांची नजर कुठे कुठे असायची ते त्यांनाच माहीत. मी दोन शब्द बोलावेत एवढा वेळ त्यांनी मला दिला. मी खाली पायरीकडे बघत उभा. शेवटी तेच म्हणाले, "जानव्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पण हात डावा दिसतोय त्याचं बघ. दूरदेशी कोणी ते बघून शिकायला बसला तर चुकीचं शिकेल. पुन्हा घेऊन टाकू तेवढं. कंपनी घेवो न घेवो, आपल्यापाशी असू दे." मी म्हटलं, "दिवाळीनंतर घेऊ, गुरुजी." दिवाळीनंतर लगन सुरू झाली. एकामागून एक बारात. माघात गुरुजी गेले. मणिकर्णिकेपर्यंत आळीपाळीने खांदा देणाऱ्यांत मी होतो.

मग जे बोललं गेलं ते तुम्हाला माहीत आहे. मुखात देव आणि खांद्यावर पितर ठेवले म्हणून वर्षाच्या आत गुरुजी गेले. ते ब्याऐंशी वर्षांचे होते, दोनदा हृदयविकार झालेला, हे कोणी ध्यानात घेतलं नाही. दुःखात माणूस हिशोबी राहत नाही, मी कोणाला दोष देत नाही. पण संपदाला पुन्हा या सभागृहात कोणी बोलावलं नाही. हळदीकुंकवाला नाही, गणपतीला नाही. ती दोन वर्षांनी माझ्याकडून विद्यापीठाच्या व्हिडिओ विभागात गेली आणि गेल्या महिन्यात तिथून निवृत्त झाली.

हे तिचं झालं. आपलं काय झालं ते कोणी बोलत नाही. तेव्हा आपल्या मंडळाने अकरा वृद्ध वैदिकांची यादी केली होती. एकेकाला बसवून सगळं पठण चार कॅमेऱ्यांनी नीट टिपून ठेवायचं, आणि एडिटिंग संपदाने करायचं. गुरुपौर्णिमेनंतर त्या अकराही जणांनी नकार दिला. "त्या मशीनपुढे बसायचं नाही." मी त्यांच्याकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं की मशीनचा दोष नाही, त्या मुलीचा दोष नाही, तिने तर मला टोकलं होतं; माझी चूक आहे, तुम्ही बसा. एवढं म्हटलं असतं तर ते बसले असते. आज त्या अकरांपैकी नऊ नाहीत. त्यातल्या दोघांपाशी जे होतं ते दुसऱ्या कोणापाशी नव्हतं. ते आता कुठेही नाही. मला कधीकधी वाटतं, उलटा शॉट काय, तीन मिनिटांचा होता. गप्प बसण्याला मात्र कुठे कापायचं ते मला कळलंच नाही.

पाणी आहे का इथे? थँक्यू.

आता आजचं. तुम्हा सगळ्यांना सांगितलं गेलं आहे की संपदा बनारस सोडून भावाकडे नागपूरला चालली आहे आणि जाताना मुळेगुरुजींच्या पठणाचे बासष्ट तास मंडळाच्या वेदपाठशाळेला देऊन चालली आहे. ते कसे उरले हे मानपत्रात नाही. माझा स्टुडिओ बंद झाला तेव्हा टेपांना बुरशी धरली होती. मी त्या भंगारात काढणार होतो. ती रिक्षा घेऊन आली आणि सगळ्या घेऊन गेली. एकेक टेप कापसाने पुसून, सुट्टीच्या दिवशी बसून, तिने त्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. सहा वर्षं लागली. कोणी सांगितलं नव्हतं. ज्या मंडळाने तिला दार बंद केलं त्याच मंडळाच्या पाठशाळेसाठी हे चाललं होतं. ओजसगुरुजींनी दोन वर्षांपूर्वी विचारलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं.

आणि महिन्यापूर्वी तिचा मला फोन आला. म्हणाली, "दादा, तो उलटा केलेला शॉट मी सरळ करतेय. जानवं, हात सगळं नीट होईल. पण मग गुरुजींचं तोंड भलत्याच दिशेला दिसेल. तुमचा कॅमेरा रेघेपलीकडे होता हे ज्याला कळतं त्याला कळेल. चालेल ना?"

ऐकलंत? पुन्हा तिने मलाच विचारलं! सतरा वर्षं जिने माझं ओझं वाहिलं, ती माझी चूक दिसणार म्हणून मला परवानगी विचारते आहे. मी फोनवर फक्त "चालेल" म्हटलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने इथे तोच भाग दाखवणार आहेत. तो सुरू झाल्यावर पंचवीस मिनिटांनी अचानक गुरुजींनी तोंड फिरवल्यासारखं दिसेल, गुरू आणि शिष्य एकाच बाजूला बघतायत असं वाटेल. कुजबुजू नका आणि एडिटिंग कोणाचं म्हणून विचारू नका. तो तिसरा कॅमेरा आहे, आणि त्याच्या मागे मी आहे.

काकू, तुमच्याशी दोन शब्द. तुम्ही सतरा वर्षं संपदाशी बोलला नाहीत. समोरून आली तर तुम्ही गल्ली बदललीत, मी बघितलं आहे. तुमचा राग खरा होता, पत्ता चुकीचा होता, आणि बरोबर पत्ता मला माहीत असून मी सांगितला नाही. दर दिवाळीला तुमच्याकडे येऊन चकली खाऊन गेलो. काकू मान हलवतायत. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला इथून कळत नाही. जे असेल ते मला मान्य आहे.

नाही, संपदा, तू बस. मध्ये उठू नकोस. आयुष्यभर तू माझं एडिट केलंस, आज एवढं कच्चं राहू दे.

अध्यक्ष महाराज, माझी एक विनंती आहे. मानपत्र अजून तिच्या हातात दिलेलं नाही. त्यातलं ते वाक्य काढावं. काचेच्या आतून काढावं लागेल, वेळ जाईल, मला कल्पना आहे. पण मोठ्या मनाने दुर्लक्ष आपण नाही केलेलं. ते तिने केलं आहे, आपल्या सगळ्यांकडे, आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त. ते वाक्य तसंच राहिलं तर ते नागपूरच्या भिंतीवर लटकेल आणि तिच्या भावाची नातवंडं वाचतील की आजीच्या हातून काहीतरी प्रमाद झाला होता. असं व्हायला नको. हवं तर कागद नव्याने लिहा. मंडळाला उशीर होत असेल तर मी लिहितो, माझं अक्षर वाईट आहे, पण मजकूर खरा असेल.

झालं. मंडळाने मला बोलू दिलं, आभारी आहे. देवश्रीने घंटी वाजवली नाही, तिचे आभार. हिमानी मॅडम, आपल्याला बोलायला वेळ कमी उरला, तो माझ्यामुळे. घरी जाऊन मला दोन पानं न वाचल्याबद्दल ऐकून घ्यावं लागेल, तेही होईल.

शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं की बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. माझ्या बोलण्यात जे कमीजास्त झालं ते घालाच. पण जे बोललो नाही त्याची माफी सभा देऊ शकत नाही. ती एकाच माणसाकडे आहे. संपदा, हे हात जोडले. मला माफ कर, अशी विनंती करतो. पण तुला मी ओळखतो. तू आत्ता लगेच उठशील आणि म्हणशील, "जाऊ द्या हो दादा." ते आज म्हणू नकोस. गळ्यात हार आणि समोर दोनशे माणसं असताना कोणाला नाही म्हणता येत नाही. तू नागपूरला जा. घर लाव. चार-सहा महिने जाऊ देत, सगळं नीट आठवून बघ, राग येतो का बघ. मग माफ करावंसं वाटलं तर फोन कर. आणि नाही वाटलं, तर नको करूस.

नमस्कार.